तपासनीसांची खात्री

उभी हयात बसमध्ये चढून लोकांची तिकिटं तपासण्यात गेली, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही त्यांना सगळे तपासनीसच म्हणत. खिडकीबाहेर कुणी जरा जास्तच निवांत बघायला लागला की याच्याकडे तिकीट नाही, हे त्यांना दारातूनच कळायचं. बहुतेक वेळा ते खरंही निघायचं, आणि सगळा घोळ तिथंच झाला. संशय चार वेळा खरा ठरला की पाचव्या वेळी माणूस पुरावा शोधायचे कष्ट घेत नाही.

तपासायला बस उरली नाही तेव्हा त्यांनी घर तपासायला घेतलं. कुलूप लावलं की ते ओढून बघायचं, आणि एकदा ओढून भागायचं नाही, कडी बिचारी वाकायच्या बेताला यायची. नळ असे आवळायचे की आतलं वायसर चिंबून जाई आणि मग तो नळ खरोखरच गळायला लागे. यावरून प्लंबर हलका माल घालतो असा निष्कर्ष निघे. बरण्यांची झाकणं ते अशी लावत की बायकोला बरणी घेऊन शेजारी जावं लागे, आणि शेजारचा धडधाकट माणूसही ती उघडताना लालबुंद होई. यावर त्यांचं एकच म्हणणं होतं, खात्री केलेली बरी.

बायको नर्स होती. जखमांचं ड्रेसिंग, इंजेक्शनं, अंथरुणाला खिळलेल्यांची उठबस अशी कामं ती घरोघरी जाऊन करी. सगळा भाग तिला सिस्टर म्हणे. लांबलांबची घरं असल्यामुळे गाडी लागायची. गाडी इतकी जुनी होती की तिचा मूळ रंग कोणता यावर घरात दोन मतं होती. खिडकीच्या काचा हातानं फिरवायच्या आणि मागचं एक दार फक्त बाहेरून उघडायचं. पण सिस्टरनं हाक मारली की ती चालू व्हायची, आणि तपासनीसांबद्दल तेवढंही खात्रीनं सांगता आलं नसतं.

त्या गाडीची सगळी निगा सिस्टरच्या धाकट्या भावाकडे होती. त्याचं छोटं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या मागे दोन खोल्या. आईवडील गेल्यावर सिस्टरचं माहेर म्हणजे तेवढंच होतं. ताई आली की तो हात पुसत उठायचा, चहा टाकायचा आणि काम करता करता तिला लहानपणच्या कसल्या कसल्या गोष्टी सांगून हसवायचा. तपासनीसांना हे फार खटके. काम करताना माणूस इतका कशाला बोलतो? आपलं लक्ष दुसरीकडे जावं म्हणूनच ना? खिसेकापूही असेच बोलघेवडे असतात, असा त्यांचा अनुभव होता. मेव्हण्याला त्यांनी अजून कशात पकडलं नव्हतं, आणि हीच त्यांच्या लेखी सगळ्यात संशयास्पद गोष्ट होती.

मग ते प्रकरण झालं. सिस्टर एका लांबच्या पेशंटकडून परतत होती. मागच्या डाव्या चाकातून आधी टिकटिक ऐकू आली, मग ठकठक, आणि मग स्टिअरिंगच हातात थरथरायला लागलं. तिनं गाडी कडेला घेतली आणि वाकून बघितलं. चाक ज्यांच्यावर चढवून नटांनी आवळतात ते आट्यांचे खुंटे, म्हणजे स्टड, चार असतात. त्यातला एक नटासकट गायब होता, दुसरा मुळातून मोडला होता, आणि चाक उरलेल्या दोघांच्या जिवावर तिरपं उभं होतं. सिस्टरनं आधी भावाला फोन केला आणि मग नवऱ्याला. हा क्रमही तपासनीसांनी मनात टिपून ठेवला.

गॅरेजमध्ये मेव्हण्यानं चाक उतरवलं, ब्रेकचा ड्रम काढला आणि मोडलेल्या स्टडचे तुकडे हातोडीनं ठोकून मागे पाडले. एक तुकडा त्यानं उजेडाला धरला आणि आटे ताणल्यासारखे दिसताहेत असं काहीतरी पुटपुटला. त्यानं नव्या स्टडचं खोकं आणलं, तर त्याचं तोंड आधीच उघडलेलं. तपासनीसांनी विचारलं, तर म्हणाला, कालच यातले दोन दुसऱ्या एका गाडीला घातले. उत्तर इतकं तयार होतं की तपासनीसांच्या कपाळाला आठी पडली. त्यांची नजर कोपऱ्यातल्या एका गाडीकडे गेली. गाडी याच जातीची, आणि तिचे स्टड कसे लखलखत होते! म्हणजे नवा माल गिऱ्हाइकाला आणि जुना घासूनपुसून बहिणीला. डोक्यात सगळं कसं चटकन जुळलं. त्यांना मनातून बरंही वाटलं, खोटं कशाला बोला.

“मागच्या वेळी जुनेच स्टड घातलेस ना?” ते म्हणाले.

मेव्हणा गोष्ट सांगता सांगता थांबला. “भाऊजी, या गाडीत माझी बहीण बसते.”

“म्हणूनच विचारतोय. माझ्या बायकोच्या जिवावर तू पैसे वाचवलेस.”

हातोडी खाली ठेवून त्यानं ताईकडे बघितलं. ताई मोडलेल्या तुकड्याकडे बघत राहिली. मग त्यानं हातोडी परत उचलली, नवे स्टड मागून घातले, वायसर आणि उलटा नट लावून एकेक खेचून बसवला, आणि चाक चढवून मापाच्या पान्यानं नट आवळले. टक् आवाज आला, म्हणजे हवा तेवढा ताण बसला, की पाना थांबवायचा आणि पुढच्या नटाला लावायचा. तेवढ्या वेळात तो एक शब्द बोलला नाही आणि चहाचंही नाव निघालं नाही. त्याचं गप्प बसणं म्हणजे कबुलीच, असं तपासनीसांनी धरून टाकलं.

घरी आल्यावर सिस्टरनं पर्स टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्याच बोलली. “तो खोटा असेल तर मला दाखवा. मी पुन्हा त्याचं तोंड बघणार नाही. पण नुसतं बोलू नका, दाखवा. तोवर मी त्या गाडीत बसणार नाही आणि त्याच्या दारातही जाणार नाही.”

दुसऱ्या दिवसापासून ती औषधांची पिशवी खांद्याला मारून बसनं जायला लागली. तिचे पाय सुजत. संध्याकाळी ती फोनकडे बघत बसे, पण भावाला फोन करत नसे आणि त्याचाही येत नसे. बायकोचं एकुलतं एक माहेर पणाला लागलं आहे, हे तपासनीसांना कळत नव्हतं असं नाही. पण तपास हातात आला की त्यांना भूक लागायची नाही आणि दुसऱ्याचं दुःख दिसायचं नाही.

त्यांनी बायकोच्या कपाटातली नेलपॉलिशची बाटली घेतली, अंगणात गाडीशेजारी बसकण मारली आणि प्रत्येक नटावरून थेट स्टडच्या टोकापर्यंत एकेक लाल रेघ ओढली. नट रतीभर जरी सैल झाला तरी रेघ मोडणार, आणि रेघ मोडली की मेव्हणा सापडला. रोज सकाळी ते गाडी एकटेच फिरवून आणायचे आणि चष्मा लावून चारी चाकं बघायचे. शेजाऱ्यांना वाटलं, म्हाताऱ्यानं गाडीला मेकअप करायला घेतलाय.

रेघा जिथल्या तिथं राहिल्या. एकही केसभर हलली नाही. दुसरा कुणी असता तर त्याला हायसं वाटलं असतं, तपासनीस मात्र चिडचिडे झाले. नट हलत नाहीत म्हणजे नटांत काही नाही, मग काय ते स्टडमध्येच असणार. आणि हो, या गडबडीत आपली नेहमीची खात्री करायची राहूनच गेली की, हे त्यांच्या ध्यानात आलं.

नेहमीची खात्री म्हणजे अशी. मेव्हण्यानं चाकांचं काहीही काम केलं की घरी आल्यावर तपासनीस डिकीतला पाना काढत, आट्यांवर गंज नको म्हणून तेलाचे दोन थेंब सोडत, पान्याच्या दांड्यावर हातभर लांब लोखंडी पाइप चढवत आणि अंगाचा सगळा भार टाकून नट पुन्हा आवळत. टक् करून थांबणाऱ्या पान्यावर त्यांचा विश्वास नव्हता. इतक्या लवकर थांबतो म्हणजे त्यात कामचुकारपणा आहेच. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तपासणी सांगून केली तर ती तपासणी कसली!

तसा त्यांनी मागच्या डाव्या चाकाच्या एका नटाला पाइप लावला आणि जोर दिला. नट फिरला. रेघ मोडली. अजून जोर दिला, अजून फिरला, आणि हाताला नवल वाटावं इतका मऊपणे फिरत राहिला. तपासनीसांच्या छातीत आनंदाचा कढ आला. सापडला!

“अगं, बाहेर ये,” त्यांनी हाक मारली. “तुझ्या भावानं काय करून ठेवलंय ते बघ. ढिला आहे नट, हा बघ, फिरतोच आहे.”

सिस्टर हात पुसत पायरीवर आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिला दिसावं म्हणून तपासनीसांनी पाइपवर पुन्हा भार टाकला. कट्कन आवाज झाला आणि ते पाइपसकट मागच्या मागे आपटले. नट जमिनीवर घरंगळला. त्याच्या पोटात नव्या कोऱ्या स्टडचा तुकडा तसाच अडकलेला होता.

सिस्टरनं तो उचलला. तुटल्या जागी लोखंड ताणून बारीक झालं होतं आणि आटे लांबले होते. म्हणजे नट ढिला नव्हता, स्टडच ताणला जात होता. मग तिनं शेजारच्या नटावरची लाल रेघ बघितली. सरळ, अखंड. त्याला अजून पाइप लागला नव्हता.

“हे तुम्ही दर वेळी करता?” तिनं विचारलं.

“खात्री म्हणून...”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

ती पायरीवर बसली. तो तुकडा तिनं हातात फिरवून बघितला. “म्हणजे इतकी वर्षं मी तुमच्या खात्रीवर गाडी चालवत होते,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच तपासनीसांना सोसलं नाही. तिरप्या चाकाची ती गाडी, कडेला एकटी उभी असलेली बायको, चाक आणखी थोडं पुढं निसटलं असतं तर काय झालं असतं, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढं पहिल्यांदा आलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लपवता आलं असतं, पण एवढं मात्र त्यांनी केलं नाही. बायकोला घेऊन ते पायीच गॅरेजवर गेले आणि दारात उभं राहून सगळं सांगितलं. चूक माझी, पाइप लावून मीच आवळत होतो, वर तेलही घालत होतो, तू जुना माल घातलास हे मी मनानंच ठरवलं. मेव्हण्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तो हसला नाही. त्यानं गाडी ओढून आणवली. चारही चाकांचे स्टड बदलावे लागतील, म्हणाला, तेलानं नट आणखीच आवळला जातो, इतका ताण खाल्ल्यावर आता एकाचाही भरवसा नाही.

“तू कर निवांत,” तपासनीस म्हणाले. “मी बाहेर थांबतो.”

“नाही भाऊजी.” त्यानं स्टूल उचललं आणि चाकाला लागून ठेवलं. “इथं बसा.”

नवं खोकं त्यानं त्यांच्या हातात दिलं आणि सील त्यांनाच तोडायला लावलं. प्रत्येक स्टड आधी त्यांच्यापुढं धरला आणि मगच बसवला. आटे तारेच्या ब्रशनं साफ करून दाखवले आणि नट शेवटपर्यंत नुसत्या बोटांनी फिरवून दाखवला. मग चाक चढवून पाना लावला. टक्.

“बघितलं?”

“अरे बाबा, माझा विश्वास आहे तुझ्यावर.”

“असू दे. बघितलं का ते सांगा. उद्या परत मीच माझ्या बहिणीला मारायला निघालो होतो असं व्हायला नको.”

तपासनीसांनी बायकोकडे बघितलं. ती भावाच्या बाजूला उभी होती आणि मध्ये पडण्याची काही चिन्हं दिसत नव्हती. इतकी वर्षं हा माणूस गोष्टी सांगत, हसत, कुणाकडे न बघता काम करायचा. आता तो प्रत्येक नटानंतर वर बघत होता, आणि ती नजर तपासनीसांच्या ओळखीची होती. तिकीट मागताना त्यांनी स्वतः ती जन्मभर वापरली होती. ती अंगावर आल्यावर कसं वाटतं, हे मात्र ठाऊक नव्हतं.

टक्. तपासनीसांनी नुसती मान डोलावली. मेव्हणा पाना तसाच धरून थांबला.

“बघितलं,” ते म्हणाले, तेव्हा कुठं तो पुढच्या नटाकडे वळला.