भाकर मऊ आहे तोवर

आमच्या साडूंइतका माणसाला दमवणारा गृहस्थ अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. हे मी रागाने म्हणत नाही, गुडघ्याला तेल चोळता चोळता म्हणतो आहे. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांतून इतिहास शिकवून मी निवृत्त झालो, तेव्हा माझी एकच महत्त्वाकांक्षा उरली होती, ती म्हणजे दुपारी जेवून झोपणे. आठवड्यातले सहा दिवस ती पुरी व्हायची. गुरुवारी मात्र सकाळी नऊच्या ठोक्याला साडूंचा तीनचाकी टेंपो दारात येऊन उभा राहायचा. मागे हौद्यात पोत्यावर त्यांच्या दोन पोरी बसलेल्या, आणि पुढे साडू. ते हॉर्न वाजवत नसत, नुसते माझ्या खिडकीकडे बघत बसत. हॉर्न वाजवला असता तर भांडता तरी आलं असतं.

साडूंचं बीडमध्ये मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पाणबुडी मोटारी उघडायच्या, नवी तार भरायची, वरून व्हार्निश पाजायचं आणि शेतकऱ्याला परत द्यायच्या, हा त्यांचा धंदा. त्यामुळे त्यांच्या अंगाला, टेंपोला आणि त्यांनी आणलेल्या डब्यालाही व्हार्निशचा वास येतो. स्वतः दहावीपर्यंत शिकलेल्या या माणसाने आपल्या दोन्ही पोरी शाळेतून काढून घरी शिकवायला घेतल्या. कारण विचाराल तर एक निबंध. थोरली चौथीत असताना वर्गात ‘आमची नदी’ लिहायला सांगितला होता. फळ्यावर लिहून दिलं होतं की नदी खळखळ वाहते. पोरगी नदी बघून आली आणि तिने लिहिलं की नदीत पाणी नाही, म्हशी आहेत, आणि म्हशींना पण पाणी कुठे गेलं ते माहीत नाही. त्यावर लाल शाईची फुली आली. साडूंनी ती वही मला आणून दाखवली. “गुरुजी, ह्याच्यात खोटं काय हाय?” पुढच्या सोमवारपासून पोरी घरी. दहावीचं काय, म्हटलं, तर म्हणाले, “भायरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरू की. तवर लई येळ हाय.”

घरी शिकवणे म्हणजे घरात शिकवणे, अशी माझी भाबडी समजूत होती. गणित आणि भाषा साडूंच्या दुकानात व्हायची, तारेचे वेढे मोजत आणि गिऱ्हाइकाच्या पावत्या लिहीत. इतिहासासाठी मात्र गुरुवारी दुकान बंद ठेवून बाहेर पडायचं, आणि सोबत मी हवाच, कारण घरात आयता इतिहासाचा मास्तर असताना तो वाया का घालवायचा. कुठवर जायचं याचा नियम साडूंनी ठरवून टाकला होता. “सकाळची भाकर मऊ हाय तवर जितं पोचता येतंय, तेवढाच आपला इतिहास. त्याच्या फुडचा दुसऱ्याचा.” ज्वारीच्या आठ भाकरी, ठेचा आणि कांदे पातळ धडप्यात बांधून थोरलीच्या मांडीवर ठेवलेले असत. वाटेत ती दर थोड्या वेळाने बोटाने दाबून बघायची आणि मागून ओरडून सांगायची की अजून मऊ आहेत. मग टेंपो पुढे. उन्हाळ्यात भाकरी लवकर वाळतात, त्यामुळे उन्हाळ्यात आमचा इतिहास आखूड व्हायचा.

दुसरा नियम असा की मास्तरांनी काही सांगायचं नाही. मी! तीस वर्षं ज्याने दुसरं काही केलं नाही, त्याने तोंड मिटून चालायचं. गावात शिरलं की पोरींनी सगळ्यांत म्हातारं माणूस शोधायचं, रामराम घालायचा आणि दोनच प्रश्न विचारायचे. इथे पाणी कुठून येतं? आणि आधी कुठून यायचं? साडूंचा दावा असा की एवढ्यात सगळा इतिहास निघतो. राजे, लढाया, दुष्काळ, भांडणं, लग्नं, सगळं पाण्याच्या मागोमाग येतं. मला हे पोरकट वाटायचं. तरी सांगतो, आष्टीकडे एका म्हातारीला धाकटीने पहिला प्रश्न विचारला तेव्हा ती ओट्यावरून म्हणाली, “येत न्हाई बाई पानी. आमीच जातो पान्याकडं.” तिची दोन्ही मुलं आणि सुना ऊसतोडीला गेल्या होत्या, आणि गल्लीत म्हातारी माणसं आणि शेळ्याच काय त्या उरल्या होत्या. धाकटीने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. स्थलांतरावर मी वर्गात दोन दोन तास बोललेला माणूस, पण मला काही असं एका ओळीत सांगता आलं नव्हतं.

बीडबाहेरच्या जुन्या, निजामशाहीतल्या खजाना विहिरीवर तर साडू दर दोन महिन्यांनी जात, दर्शनाला गेल्यासारखे. काठावर चप्पल काढून उभे राहत. “मोटर न्हाई, लाइट न्हाई, आन इतक्या पिढ्या झाल्या, पानी आपलं चालूच. गुरुजी, ही बांधनाऱ्या मानसानं माज्या धंद्यावर पाय दिलाय,” असं म्हणत आणि वर हात जोडत. पोरी आत डोकावून हाका मारत आणि प्रतिध्वनी मोजत. मी सावली शोधून बसत असे.

एकदा नेकनूरच्या पुढे एका माळावर साडूंना शिळा सापडली. खरंच शिळा, चांगली पाटाएवढी, वर आडव्या-उभ्या रेघा आणि बारीक खड्डे. साडूंनी पिण्याच्या पाण्याच्या दोन्ही बाटल्या तिच्यावर ओतून ती धुतली. थोरलीने कागद लावून कोळशाने ठसा घेतला. मलाही राहवलं नाही, आणि नियम मोडून मी लिपीविषयी दहा मिनिटं बोललो. तेवढ्यात शेळ्या घेऊन एक आजोबा आले, आमच्याकडे बघून त्या शिळेवरच टेकले आणि म्हणाले, “ही व्हय? ही आमी खोदल्याली हाय. वाघ-बकरी खेळायला. मी आन माजा चुलता.” माझं तोंड उतरलं. साडूंचं मात्र उजळलं. “मंग ह्यो इतिहासच झाला की. करनारा मानूस अजून हिंडतोय, एवढाच फरक.” मग आजोबांनी खडे गोळा केले आणि आम्ही त्या शिळेवर उन्हात वाघ-बकरी खेळलो. प्यायला पाणी नव्हतं. मी तिन्ही डाव हरलो आणि संध्याकाळी अंथरुणाला पाठ लावली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी उचलली.

हे असं तीन वर्षं चाललं. दमण्याचीही सवय लागते. गेल्या उन्हाळ्यात मात्र माझी मेहुणी, म्हणजे साडूंची बायको, एका दुपारी एकटीच आमच्याकडे आली. ती तीन वर्षं नातेवाइकांना उत्तरं देऊन थकली होती, ते तिच्या बसण्यावरूनच कळत होतं. “दाजी, लोकं इचारत्यात, पोरींत काई दोष हाय का म्हनून घरी ठिवल्या. मी काय सांगू? ह्यांचं ह्यांना लई ग्वाड वाटतंय. थोरली आता सातवीच्या वयाची झाली. तुमी तिची परीक्षा घ्या. तुमी मास्तर हाव. तुमी म्हनाल घरी, तर घरी. न्हाईतर जूनपासनं दोघीबी शाळेत.” मी साडूंना सांगितलं. ते जराही कचरले नाहीत. “मंग बिनघोर झालो,” म्हणाले. “तुमी सोबत हिंडलाव. तुमाला ठावं हाय.” माझ्यावरचा हा विश्वास मला पेलवण्यासारखा नव्हता.

मी परीक्षा घेतली. जुन्या सवयीने पुस्तक काढून सनावळ्या विचारल्या, तहाची कलमं विचारली, कारणे द्या विचारलं. थोरलीला सनावळीतलं एकही आलं नाही. तिने शांतपणे सांगितलं की हे मला माहीत नाही, आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसली. सगळे प्रश्न संपल्यावर म्हणाली, “काका, तुमी अकरा वर्सं ज्या गावात शिकवलं, तितं पाणी कुठून यायचं?” मी म्हटलं, हातपंप होता, उन्हाळ्यात टँकर. “आन आधी?” मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं मी त्या गावात पाणी प्यायलो होतो. तिने वहीत माझं नाव लिहिलं आणि पुढे ‘माहीत नाही’ असं लिहिलं.

पुढच्या गुरुवारी टेंपो चकलांब्याच्या बाजूला निघाला, आणि या वेळी थोरलीला भाकरी फार दाबाव्या लागल्या नाहीत, इतकं माझं ते अकरा वर्षांचं गाव जवळच होतं. शाळा तीच होती. शाळेच्या मागची बाभळीची झाडीही तीच. त्या झाडीत पोरांनी जाऊ नये म्हणून मीच एका वर्षी श्रमदानात काटेरी फास, म्हणजे काट्याकुट्यांची कुंपणं, घालून घेतले होते, आणि जो जाईल त्याच्या तळहातावर पट्टी, हा माझा कायदा होता. पोरी नियमाप्रमाणे म्हातारं माणूस शोधायला निघाल्या, पण त्याआधीच ट्रॅक्टर थांबवून एक माणूस खाली उतरला. कानाजवळचे केस पिकलेले. “गुरुजी, वळखलं का?” मी ओळखलं नाही. त्याने तळहात पुढे केला. “मंग ह्यो तरी वळखा.”

धाकटीने त्याला प्रश्न विचारले. आता पाणी कुठून येतं ते त्याने सांगितलं. आधी कुठून यायचं, यावर त्याने झाडीत वाट काढली आणि आम्ही मागोमाग गेलो. फासाच्या पलीकडे बारव होती. घडीव दगडांची, तिन्ही बाजूंनी पायऱ्या उतरलेली, कोनाड्यात एक झिजलेला हत्ती. तळाशी माझ्याच काळातली मोडकी बाकं पडलेली होती. तो माणूस पायऱ्या न बघता उतरत होता. कुठली हलते, कुठे वटवाघळं असतात, पाणी शेवटचं कुठवर होतं, त्याला सगळं पाठ होतं. “इतिहासाच्या तासालाच यायचो हितं,” तो म्हणाला. मी विचारलं, मला कधी का नाही सांगितलं? तो खरोखरच गोंधळला. “तुमाला ठावं न्हवतं? आमाला वाटायचं तुमाला समदं ठावं हाय. म्हनून तर मारता.”

त्याच्या बोलण्यात कुठेही राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. मी तिथेच पायरीवर बसलो. साडूंनी माझ्याकडे न बघता धडपा सोडला आणि पहिली भाकर माझ्या हातावर ठेवली. ती मऊ होती.

परतल्यावर मेहुणीच्या ओट्यावर निकाल सांगायची वेळ आली. साडू कोपऱ्यात उभे, पोरी दारात. माझ्या मनात खूप काही दाटलं होतं. मला सांगायचं होतं की या पोरींना तीन वर्षांत जे विचारता आलं ते मला तीस वर्षांत विचारता आलं नाही, यांना आहे तशाच राहू द्या. पण मास्तरांच्या जिभेला शेऱ्याची सवय. तोंडातून निघालं ते असं, “पोरी फार हुशार आहेत. कुठेही गेल्या तरी टिकतील.”

मेहुणीने सुटकेचा श्वास सोडला. “मंग शाळंतबी टिकतील,” ती म्हणाली. मी बोलायला गेलो, पण तिचा इतक्या दिवसांनी सैल झालेला चेहरा बघून चपला पायात सरकवल्या. साडू मला सोडायला फाटकापर्यंत आले. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, “खरं तेच बोल्लाव, गुरुजी. टिकतीलच.” आणि टेंपोच्या काचेवरची धूळ बाहीने पुसत राहिले.

पोरी जूनपासून शाळेत जातात. खोटं कशाला सांगू, रमल्या आहेत. थोरलीला दोन मैत्रिणी मिळाल्या, तिची चाचणीतली सनावळी बरोबर येते, आणि मेहुणी लग्नकार्यात ताठ मानेने बसते. साडू मात्र गुरुवारी दुकान बंदच ठेवतात. नऊला टेंपो दारात येतो. हौदा रिकामा असतो. आता प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे आलं आहे, कारण साडूंना अनोळखी माणसाशी बोलायची लाज वाटते, हे मला एवढ्या वर्षांनी कळलं. मी गावात म्हातारं माणूस शोधतो, रामराम घालतो, दोन प्रश्न विचारतो आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहतो. हे शेवटचं मला अजून नीट जमत नाही.

भाकरी मात्र साडू आठच आणतात. दोघांना किती लागणार? उरलेल्या तशाच बांधून परत येतात. संध्याकाळी आम्ही साडूंच्या ओट्यावर बसतो, आणि पोरी शाळेतून आल्या की दप्तर टाकून तो धडपा सोडतात. तोवर भाकरी कडक झालेल्या असतात. थोरली तुकडा मोडते, वही उघडते आणि विचारते, “काका, आज तितं पाणी कुठून येत होतं?” मी सांगतो. ती लिहून घेते. मी सांगायचं आणि पोरांनी लिहून घ्यायचं, तीस वर्षं मी हेच केलं होतं.