नऊ पावलांचा सोपान, बावीस पावलांचा आदेश

माझा थोरला भाऊ सोपान गेला त्याला दीड महिना झाला. लोक भेटायला येत्यात, बसत्यात, चहा घेत्यात, आन कप खाली ठिवला की हळूच इचारत्यात, "साळुबाई, खरं सांगा, जास्त फास्ट कोन? तुमचा भाऊ का तुमचा पोरगा?" सुतकातबी इचारलं लोकांनी. म्हनून एकदाचं समदं लिव्हून टाकते. माझी शाळा चौथीपातुर, बोलते तसंच लिव्हनार.

दादा शिनोलीचा. शेती, दोन म्हशी, आन हातात चेंडू. त्याच्यासारखा बॉलर आंबेगाव तालुक्यात झाला न्हाई असं जुनी मानसं अजून म्हनत्यात. पन किती फास्ट, ते मोजनार कसं? त्या येळला आमच्याकडं मोजायची वस्तू एकच व्हती, बैलगाडा शर्यतीचं घड्याळ.

ते घड्याळ गेणभाऊंच्या गळ्यात असायचं. जत्रंला घाटात, मंजी शर्यतीच्या चढावर, गाडा सुटला की गेणभाऊ बटन दाबनार, वरच्या झेंड्याला पोचला की परत दाबनार. बारा सेकंद म्हनले तर बारा. आमदार आला तरी त्यांचा आकडा बदलत न्हाई. एका जत्रंला पुढच्या गाड्याचे बैल टेम्पोतनं उतरंनात. घाट रिकामा. शेजारच्या वावरात पोरांची मॅच चाललेली. गेणभाऊंना रिकामं बसवंना. दादा चेंडू घिऊन पळायला लागला तसं त्यांनी बटन दाबलं, दांडी उडाली तसं परत दाबलं. तीन सेकंद चार.

स्पीकरवाला वरडला, "भिर्रर्रर्र! सोपानभाऊ, तीन सेकंद चार! घाटाचा राजा!"

लोकांनी दादाला भंडाऱ्यात पिवळा केला आन बैलांच्या संगं ढोल लावून देवळापातुर मिरवला. गेणभाऊंनी वहीत लिव्हलं. वरती एक बैलजोडी, खाली एक बैलजोडी, मधी सोपान.

तवापासनं ज्या गावात बॉलर निघंल त्याला गेणभाऊंच्या घड्याळाखाली यावं लागायचं. दादाच्या खाली कुनी उतरलं न्हाई. जुन्नरकडनं एक आला व्हता, लई लांबनं पळत यायचा, त्याचे पाच सेकंद भरले. तो म्हनला घड्याळाचा सेल उतरलाय. गेणभाऊंचा अपमान झाला म्हनून त्याला जेवायलाबी थांबवला न्हाई कुनी.

मंग आला माझा आदेश. मला दिलेली महाळुंगे पडवळला. पोरगं आता एकोनीस वर्साचं, दारात वाकून यावं लागतं त्याला, खांदे मामाचे. मंचरला लेदरच्या चेंडूनं खेळायला लागला. तिथल्या सरांनी पुन्याला नेऊन मशीन लावून मोजला. ते पोरगं यष्टीतनं उतरलं ते घरी न येता थेट मामाकडं.

"मामा, एकशे अठ्ठावीस!"

दादा म्हशीला पेंड घालत व्हता. "काय एकशे अठ्ठावीस?"

"किलोमीटर. तासाला."

"तासभर कोन टाकतंय एक चेंडू? सेकंद किती ते सांग."



गेणभाऊंना निरोप गेला. गाव जमलं. दादा त्याच्या टायमाला नऊ पावलं पळून टाकायचा. आदेश बावीस पावलं मागं गेला, आला, आन टाकला. दांडीचे दोन तुकडे, एक तुकडा वढ्यात. गेणभाऊंनी घड्याळ डोळ्याला लावून बघितलं. "पाच सेकंद एक."

"मामाच!" समदे वरडले.

दादानं भाच्याच्या पाठीवर हात ठिवला. "वाईट वाटून घ्यायचं न्हाई. व्हतंय हळूहळू."

"आवो पन पुन्याचं मशीन?" आदेश म्हनला.

"पुन्याच्या मशीनला आपला घाट म्हाईत हाय का?" गेणभाऊ म्हनले. झालं, मिटलं.

आदेशच्या ते मनाला लागलं. पेपरात फोटो आला तरी तोंड पाडून बसायचा. "आई, मामा म्हनल्याबिगर मी फास्ट न्हाई." मंग त्यानं पळायचं कमी केलं. बावीसचं पंधरा, पंधराचं आठ. दर रविवारी शिनोलीला जायचा आन आकडा खाली आनायचा. चार सेकंद, साडेतीन, तीन सेकंद वीस. गावात टाळ्या. हॉटेलात दोन पार्ट्या पडल्या, मामावाले एका बाकावर, भाचावाले दुसऱ्या बाकावर, भज्याची ताटं पन येगळी.

आन मंचरच्या सरांचा मला फोन. "ताई, पोराला काय झालंय? उभ्या उभ्या टाकल्यासारखं टाकतोय, चेंडू रिक्षासारखा येतोय. पुढच्या म्हैन्यात जिल्ह्याची निवड हाय. असंच टाकलं तर घरी बसंल."

मी तशीच शिनोलीला गेले. दादाचं हृदय तवा अर्धंच चालत व्हतं. डॉक्टरांनी म्हशीची धार काढायचीबी बंद केलेली. वट्यावर बसलेला, शेजारी गेणभाऊ, बाकी दहा-पंधरा रिकामी मानसं.

"दादा, एकदा म्हन की भाचा फास्ट हाय. पोराची निवड जातीय."

"म्हनलो असतो गं. पन घड्याळ येगळं म्हनतंय."

"तुझं त्वांड हाय का घड्याळाचं?"

"साळे, उगं मानसापुढं वरडू नको. खोटं मोठं करून पोरगं मोठं व्हत न्हाई."

मला रडू आलं. रडता रडता गेणभाऊंनाच धरलं. "गेणभाऊ, घाटात एक गाडा खालच्या झेंड्यापासनं सोडला आन दुसरा निम्म्यातनं सोडला, तर चालंल का?"

गेणभाऊ तट्टदिशी उठले. "काय बोलता साळुबाई! डोकी फुटतील!"

"मंग दादाला नऊ पावलांवरनं सोडून माझ्या पोराला बावीसवरनं का सोडलं?"

गेणभाऊंनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. दादा माझ्याकडं असा बघाय लागला जशी मी त्याला पहिल्यांदाच दिसले. मागनं एक जन बारीक आवाजात म्हनला, "मंजी त्या जुन्नरवाल्याला जेवाय घालाय पायजे व्हतं."

आता शहानी मानसं म्हनली असती, चेंडू हातातनं सुटल्यावर बटन दाबा. पन आमच्याकडं बारी मंजी गाड्याची अख्खी धाव, झेंडा ते झेंडा. दादाच म्हनला, "झेंडा एकच ठिवा. बावीस पावलांवर. पोरगं तिथनं पळंल, मीबी तिथनंच पळनार."

"तू पळायचं न्हाई," मी म्हनले. वहिनी आतनं वरडली. तो आयकंना. "बारी लावल्याबिगर निकाल न्हाई, साळे. फुकटचा हरलेला मानूस मला व्हायचं न्हाई."

रविवारी सकाळी बारी लागली. लोकं आहुप्याकडनंबी आली, जीपा भरून. आदेश बावीस पावलं पळला, पाच सेकंद एक, दांडी गेली. मंग दादा. पांढरा लेंगा, पायात चप्पल. झेंडा पडला, स्पीकरवाल्यानं सवयीनं "भिर्रर्र" चालू केलं. दादा सहा पावलं पळला आन गुडघ्यावर हात ठिऊन थांबला. भिर्रर्र पन निम्म्यात थांबली. आदेश धरायला पळाला.

"हात लावू नको," दादा म्हनला, "बारी बाद व्हईल."

मंग तो चालत निघाला. जसं वावरात पानी धरायला चाललाय. लोक उभं राहिलं. शेवटाला पोचला, हात फिरवला, चेंडू दोन टप्पे पडला आन घरंगळत दांडीला जाऊन टेकला. दांडी पडली न्हाई.

गेणभाऊ घाबरे झाले. "दांडी पडली न्हाई. बटन दाबू का नको?"

"दाबा वो," दादा खाली बसत म्हनला, "मला जेवायचं हाय."

एक्केचाळीस सेकंद.

दादा हसायला लागला. खोकला येईस्तवर हसला. मंग भोंगा मागून घेतला आन म्हनला, "पोरगं पाच, मी एक्केचाळीस. भाचा फास्ट हाय. गेणभाऊ, लिव्हा." आदेशचा कान धरून म्हनला, "बावीसच पळायचं. माझ्या नऊच्या नादाला परत लागला तर पायतान घालीन." आदेश मामाच्या मांडीवर डोकं ठिऊन रडला, एवढं लांबडं पोरगं.

बारीपासनं बाराव्या दिशी दुपारचा झोपला तो दादा उठला न्हाई. लोक माझ्या त्वांडावर म्हनले, बहिनीनं पळवून मारला. डॉक्टर म्हनले तसं काय न्हाई, ते व्हनारच व्हतं. डॉक्टरांचं मला निम्मं पटतं. वहिनीनं मला जवळ घेतलं, म्हनली, "वन्सं, त्या दिशी घरी यून हे दोन भाकरी जेवले. वर्सात तसं जेवले न्हाईत." तेवढ्यावर मी रात काढते.

निवड सुतकात आली. आदेश जाईना. मी म्हनले, मामानं बावीसच पळायचं सांगितलंय, तू पाळ. संगं मीच गेले. मैदान पहिल्यांदाच बघितलं. त्यानं बावीस पावलं मोजली, पळत आला, हात फिरला, आन मला चेंडू दिसलाच न्हाई. दांडी पडलेली तेवढी दिसली. त्याला घेतला त्यांनी.

पन ल्हानपनी दादा मला वावरात फळकूट दिऊन उभी करायचा आन चेंडू टाकायचा. त्याचा चेंडू मला कायम दिसायचा. हातातनं सुटल्यापासनं फळकुटाला लागंस्तवर समदा दिसायचा. मंजी पोरगाच फास्ट, असं म्हना. पन मी सात वर्साची व्हते. बारक्या बहिनीला त्यो हळू टाकत आसंल का, ते मी त्याला कधी इचारलंच न्हाई.