आधी लेकरू धरा

रजियाआपांकडे ब्लाउज शिवायला टाकायचा, तर आधी त्यांचं एखादं लेकरू सांभाळावं लागे. गिऱ्हाईक कोण आहे, याचा विचार त्या करत नसत. कॉलेजातल्या बाई आल्या, तरी आपा कडेवरचं पोरगं त्यांच्या हातात देत आणि मगच गळ्यातला टेप काढत. "आधी लेकरू धरा, बाई. मला काय चार हात हायेत?" शाळेतल्या बाई आल्या की थोरलीचे पाढे ऐकायचं काम त्यांच्याकडे. एकदा एक बाई फणकारल्या, "मी शिलाईचे पैसे देते ना, आपा?" आपा हसून म्हणाल्या, "शिलाईचेच देता. लेकराचे कुठं मागितले?" त्या बाई पुढच्या वेळी येताना पोरांसाठी खाऊ घेऊन आल्या.

अंबाजोगाईत आमची घरं समोरासमोर, मधे फक्त गल्ली. आपांचे मिस्टर गॅरेजवर असत. पुढच्या खोलीत मशीन, मशीनभोवती चार पोरं, दार सताड उघडं. माझंही काम घरातूनच चाले. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आणि झेरॉक्सचं मशीन मांडून मी प्रवेशाचे, पीकविम्याचे फॉर्म भरून देत असे. बायको वडवणीकडे नर्स. ती सकाळच्या गाडीनं जाई, संध्याकाळी परते. आमची अनू तेव्हा पहिलीत. दुपारी शाळा सुटली की ती माझ्या खुर्चीला लटके, मी "थांब, काम चालू आहे" म्हणे, आणि थोड्या वेळात ती गल्ली ओलांडून आपांकडे जाई. मला बरंच वाटे. एवढी पोरं आहेत, त्यात एक आपली, असा माझा हिशेब. आपांना मी कधी विचारलंही नव्हतं.

लग्नसराईतली गोष्ट. एका घरचं सगळं शिवणकाम आपांकडे आलं होतं. नवरीचे, करवल्यांचे, सगळ्यांचे ब्लाउज. एका दुपारी आपा चहा टाकायला आत गेल्या आणि अनूनं कैची घेतली. नवरीच्या शालूतला ब्लाउजपीस तिनं मधोमध कापला. तसा दुसरा बाजारात मिळणार नव्हता. नेमकी नवरीची आई दारात उभी. आरडाओरडा ऐकून मी धावलो.

"घरात धंदा करायचा अन् पोरं मोकाट सोडायची! कुणाची हाय ही?"

"माझी," मी म्हणालो आणि अनूवर हात उगारला.

आपांनी मधे येऊन माझं मनगट धरलं. "मारू नका, भाऊ. तिनं मस्ती न्हाई केली. मी कापते तसं तिनं कापलं. बघा की, खडूची रेघसुद्दा मारलीय."

खरंच रेघ होती. वाकडी, पण काळजीनं मारलेली. आपांनी पाठीला जोड देऊन तो ब्लाउज उभा केला. नवरीच्या आईनं तो नेला, पण बाकीचं सगळं काम दुसरीकडे दिलं. मी भरपाईचं बोललो, तर आपांनी ऐकून घेतलं नाही. "पैशाचं सोडा, भाऊ. तुमच्या घरी अनू काय खेळती, सांगा."

"खेळत असेल काहीतरी," मी म्हणालो.

"मी सांगते. इथं बाहुली घेऊन बसती. बाहुली रडली की तिला म्हणती, थांब, काम चालू हाय."

आपा म्हणाल्या, "उद्यापासून दुपारी तिला पाठवू नका. संध्याकाळी या, बापलेक मिळून या."

"आपा, राग आला का?"

"राग काहून येईल? ती इथं रमती, म्हून तुमाला तिकडं तिची याद येत न्हाई. माझी चार माझ्याच पायात हायेत. तुमची एक तुमच्या पायात येऊ द्या."

पुढचे दिवस वाईट गेले. अनू रडे, फॉर्म चुकत, गिऱ्हाइकं वैतागत. मी एकदा आपांच्या दारात जाऊन उभा राहिलो. "फक्त प्रवेशाचे दिवस संपेपर्यंत, आपा." त्यांचा पाय मशीनवरच होता. "लई कठीण हाय, भाऊ. मला कुठं सोपं गेलतं?" एवढंच म्हणाल्या. मी परत आलो आणि अनूसाठी कॉम्प्युटरशेजारी एक खुर्ची टाकली. गिऱ्हाइकाचे कागद तिच्या हातातून माझ्याकडे यायला लागले. कामाचा वेग कमी झाला. ती बडबडायला लागली, मी ऐकायला लागलो. माझी लेक मला मिळाली ती अशी. संध्याकाळी मात्र ती आपांकडे यायला तयार नसे. ती घरात रमली, असं समजून मी खूश होतो.

गेल्या रमजानआधी आपा वारल्या. अनू आता लातूरला शिकते. कळवलं तशी ती मिळेल त्या गाडीनं आली. समोरच्या घरात बायका बसल्या होत्या, ती आत जाऊन आपांच्या थोरलीच्या गळ्यात पडून रडली. परत आली आणि गल्लीतच थांबली.

"बाबा, मी कितीदा ठरवलं होतं, त्यांची माफी मागायची. त्या कापडापायी त्यांनी मला घरात यायचं बंद केलं. मला त्या लई आवडायच्या."

इतकी वर्षं ती हे एकटीच घेऊन फिरत होती. तेव्हा आपा माझ्याशी जे बोलल्या, ते मी पोरीला कधी सांगितलंच नव्हतं. सांगायचं तर बाहुलीचंही सांगावं लागलं असतं. आपा गल्लीपलीकडून तिला हाक मारत आणि ती मान खाली घालून आत पळे, ते मी कितीदा पाहिलं होतं.

मी तिला घरात नेलं, समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, बाहुलीचंसुद्धा.

शेवटी मी म्हणालो, "तुला शिक्षा नव्हती गं ती. मला होती."

ती उठली, गल्ली ओलांडून पुन्हा आपांच्या घरात गेली. मी दारात उभा राहिलो. या वेळी तिला परत यायला बराच वेळ लागला.