राजधानीची हवा

कपाट आवरताना डांबरगोळ्यांचा वास मारणारा जुना लाल स्वेटर हाती आला आणि माझं डोकं पुन्हा फिरलं.

रायपूर नुकतंच नव्या छत्तीसगडची राजधानी झालं होतं. मी सतरा वर्षांची होते. तिथल्या तात्यापारा मोहल्ल्यात काकांच्या घरी साखरपुडा होता, आणि भर एप्रिलात थंडी वाजते म्हणून मी हा स्वेटर घालून कोपऱ्यात पेंगत होते. चेहरा सुजलेला, गळा फुगलेला, आवाज घोगरा. काका पाहुण्यांसमोर म्हणाले, “राजधानीची हवा लागली पोट्टीले! खाते अन् झोपून राहते.” सगळे हसले. मग ते बाबांकडे वळले. “हिले कॉलेजात काहून घालतो? तिथंही झोपाच काढेल.” बाबांनी मोठ्या भावाचं ऐकलं. माझं कॉलेज तिथेच संपलं.

तो आळस नव्हता. माझंच शरीर माझ्या थायरॉइड ग्रंथीवर उलटलं होतं. रक्त तपासलं तेव्हा कळलं, पण फार उशिरा. रोजच्या गोळीनं मी सावरले, रायपूरच्या ‘उरला’ या कारखान्यांच्या भागात भंगाराचा धंदा उभा केला, भल्याभल्यांना भावात वाकवलं. काकांचं हसणं मात्र विसरले नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचाच फोन आला. नात दिवसभर झोपते, गळा सुजलाय, तुझ्या डॉक्टरचं नाव सांग.

“सांगते. आधी तिले जवळ बसवा अन् म्हणा, तू आळशी नाहीस.”

ते काहीतरी पुटपुटले.

“ऐकू नाही आलं, काका. मोठ्यानं म्हणा.”

त्यांनी म्हटलं. पलीकडे पोरगी रडू लागली. मी डॉक्टरचं नाव सांगितलं. त्यांना माफ करणं त्या सौद्यात नव्हतं.