पद्मजाची मधली डबी

तिसरी फेरी सुरू झाली तेव्हा शोभनाचे गुडघे कुरकुरायला लागले होते, पण पद्मजा थांबायचं नाव घेत नव्हती. घरापासून पाच किलोमीटरच्या आतच फिरायचं, असा दोन हजार एकवीसच्या मार्चमधला नियम. त्यामुळे आयर्लंडमधल्या शॅननची माणसं खाडीकाठच्या बांधावर घाण्याच्या बैलासारखी फिरत. पलीकडे विमानतळ होता, पण आवाज फक्त पक्ष्यांचा.

“ताई, थकलात?”

“थकले नाही, वैतागले. चालायचं असेल तर गप्प चाल, बोलायचं असेल तर हळू चाल. दोन्ही एकदम मला झेपत नाही.”

पद्मजा हसली. पावलं मात्र तशीच. खिशातून फोन काढून तिने नेमबाजीच्या क्लबातल्या डोनलचा निरोप तिसऱ्यांदा वाचून दाखवला. वहीत सही कर, मी लगेच तुझ्या फॉर्मवर नाव देतो, मग सगळं ग्रँड.

“ग्रँड म्हणे! मी म्हटलं त्याला, सही करणार नाही. एप्रिलच्या पाच तारखेला परवान्याचा फॉर्म गार्डांकडे, पोलिसांत, जायलाच हवा, नाहीतर विकणारा माझ्यासाठी ठेवलेली बंदूक दुसऱ्याला देणार. हे त्याला माहीत आहे, म्हणून तर दाबतोय.”

पद्मजा नागपूरची, चव्वेचाळीस वर्षांची. शॅननच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात हॉस्पिटलांना लागणाऱ्या बारीक नळ्या तयार होतात, तिथे ती तपासणीला आहे. तिच्या सहीशिवाय एक पेटी दाराबाहेर जात नाही. मॅनेजर घाईत असला की तिच्या टेबलापुढे येऊन उभा राहतो, खोकतो, घड्याळ बघतो. ही मान वर करत नाही. कॉलेजात एनसीसीमध्ये तिने नेमबाजी केली होती. मग लग्न, नोकरी, परदेश, आणि बंदूक सुटली ती सुटलीच. चाळिशीनंतर एकदा कारखान्यातल्या कुणीतरी तिला डोंगराकडच्या नेमबाजीच्या क्लबात नेलं, आणि तिथे तिने ठासणीची बंदूक पाहिली.

ठासणीची म्हणजे शिकारकथांतली गंजकी नव्हे. नळी नवी, दुर्बीण नवी, सगळं कारखान्यात बनलेलं; फक्त रीत जुनी. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, वरून गोळी घालायची, गजाने ती दारूवर घट्ट बसवायची. मागच्या बाजूला एक छोटी पितळी टोपी बसते, तिला प्रायमर म्हणतात. घोडा टोपीवर पडला की तिच्यातली ठिणगी दारूत शिरते. दिवाळीत पोरं टिकल्या फोडतात ना, त्याचाच मोठा भाऊ.

“एका गोळीला दोन मिनिटं लागतात,” पद्मजा पहिल्यांदा सांगत आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. “घाई करताच येत नाही. माझ्यासाठीच बनवलीय!”

तिचा नवरा प्रकाश म्हणायचा, “लॉकडाउनमध्ये लोकांच्या बायका केक शिकल्या, माझी तोफखाना.”

शोभनाला बंदुकीचं नावही नको वाटे. मराठी शाळेत शिकलेली, रोज सांजवात लावणारी बाई ती. तिच्या माहेरी सुरीसुद्धा कुणाच्या हातात थेट देत नसत, खाली ठेवत. तरी पद्मजाचं वेड तिने दोन वर्षं ऐकून घेतलं, कारण शॅननमध्ये आल्यावर घसरड्या जिन्यावरून पडून तिचा हात मोडला, तेव्हा सहा आठवडे तिची वेणी घालायला रोज सकाळी पद्मजा येत होती. घट्ट घालायची, डोळे ओढले जायचे. सैल घाल म्हटलं तर म्हणे, “सैल वेणी म्हणजे अर्धं काम.”

वीस सालच्या जुलैत क्लब उघडला आणि पद्मजाने प्रायमर निवडायचं मनावर घेतलं. डोनलचा शब्द क्लबात शेवटचा. सत्तरीचा माणूस, हाताला कंप नाही. त्यानेच तिला बोटं धरून शिकवलं होतं. त्याचं म्हणणं, आपल्याकडे हवा ओली, तेव्हा सगळ्यांत जहाल टोपी घ्या. तरुणपणी एका मोठ्या सामन्यात मवाळ टोपीने त्याला दगा दिला होता. शेवटची गोळी सुटलीच नाही. ती सल त्याने चाळीस वर्षं जपली होती.

पद्मजाने ऐकून घेतलं आणि तीन डब्या मागितल्या: मवाळ, मधली, जहाल. तीच बंदूक, तीच दारू, तेवढीच. प्रत्येक डबीतल्या दहा टोप्या. गोळी तळाशी नीट बसल्यावर गज जिथपर्यंत बाहेर राहतो तिथे तिने नखाच्या लाल रंगाने खूण केली. प्रत्येक वेळी खूण नळीच्या तोंडाशी आली की नाही ते कार्डावर लिहायचं.

मवाळ टोपीने एकदा घोडा पडल्यावर ठिणगी उशिरा पकडली. नळी निशाणाकडेच धरून पद्मजा थांबली, आणि तेवढ्यात धाडकन उडाली. ती डबी बाद. जहाल टोपी फटाफट उडे; पण तिच्या जाळाने दारूच्या थोडं पुढे, नळीच्या आत काजळीचं टणक कडं जमे. चौथ्या-पाचव्या गोळीला ते कडं आडवं येई, गोळी वरच अडके. हाताला वाटतं बसली, आणि खाली बोटभर पोकळी. अशी बंदूक उडवली तर नळी फुगते. नशीब फुटकं असेल तर फुटते. मधल्या डबीच्या दहाही टोप्यांत यातलं काही झालं नाही. तिची निवड झाली.

पण त्या वर्षी जगभर टोप्यांचा तुटवडा. क्लबाच्या चिटणीसाने कुठूनतरी एकच मोठा साठा मिळवला, तो नेमका जहाल टोप्यांचा. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी शेजारच्या क्लबाशी सामना होता, आणि पद्मजाची मधली डबी रिकामी.

त्या दिवशी नोंदी लिहायला माणूस कमी पडत होता म्हणून पद्मजाने शोभनालाच गाडीत घातलं. कानांवर मोठी झाकणं लावून शोभना मागच्या बाकावर वही घेऊन बसली होती. चार गोळ्या झाल्या. दर गोळीनंतर पद्मजा नळी फडक्याने पुसत होती. पाचवी ठासली आणि ती थबकली. लाल खूण नळीच्या तोंडाच्या बोटभर वर होती. इतक्या लांबून शोभनालाही दिसली.

“जोर लाव की जरा!” मागून कुणीतरी ओरडलं.

“जोर लावून गोळी चपटी होईल, खाली जाणार नाही.”

“पद्मजा, वेळ जातोय,” डोनल जवळ येऊन म्हणाला.

“जाऊ दे.”

तिने बंदूक निशाणाकडे तोंड करून खाली ठेवली, हात वर केला, आणि सामना थांबवला. शिरस्त्याप्रमाणे गोळी काढण्यात वेळ गेला, क्लब हरला, करंडक शेजारी घेऊन गेले.

हरण्याचं दुःख लोक विसरले असते. पण क्लबाच्या वहीत कारण लिहावं लागतं. टोप्यांमुळे असं लिहिलं, तर वर्षभराचा साठा पडून राहणार. म्हणून चिटणीसाने लिहिलं, नेमबाजाने गोळी नीट ठासली नाही, आणि सहीसाठी वही पुढे केली. पद्मजाने वाचलं, पेनाला टोपण लावलं आणि पेन परत दिलं.

“त्या रात्री मी रडले हो,” बांधावरून वळताना ती आता सांगत होती. “डोनलसाठी. त्याने शिकवलंय मला. तो म्हणाला, चाळीस वर्षं मी हीच टोपी वापरतोय, मला काही झालं का? मी म्हटलं, चाळीस वर्षं सीटबेल्ट न लावता गाडी चालवून वाचलास, तर तो सीटबेल्टचा दोष का? बस, तेव्हापासून बोलत नाही, नुसते निरोप पाठवतो.”

“म्हातारी माणसं अशीच. थोडं नमतं घेतलं असतंस तर?”

“कितीदा घेऊ? मी माफी मागितली त्याची. करंडक गेला म्हणून मागितली, सगळ्यांसमोर मागितली. कडं माझ्या हाताने झालं असं मात्र म्हणणार नाही. उद्या त्याच डबीतली टोपी लावून कोणी बोटं गमावली तर?”

ऑक्टोबरमधली खंडेनवमी शोभनाला आठवली. तेव्हा घराघरांत जायला बंदी होती. पद्मजा दारात उभी राहून म्हणाली होती, “बंदूक क्लबाची, तिथेच कुलपात आहे. माझा स्वतःचा फक्त हा गज आहे. याला हळदकुंकू लावाल?” शोभनाने उंबऱ्याच्या आतून हात लांब करून लावलं होतं. तिचा नवरा मोरेश्वर मागून म्हणाला, “आता पोलिसांच्या लफड्यात देवालाही ओढा!” ती गेल्यावर बजावून सांगितलं त्याने, “हे बघ, आपण परक्या देशात आहोत. बंदुकीच्या कुठल्याही कागदावर आपलं नाव नको.” शोभनाने मान हलवली होती. पटलं म्हणून नव्हे, पोळी तव्यावर होती म्हणून.

परवान्याच्या फॉर्मवर ओळख देणारी दोन माणसं लागतात. एक नाव कारखान्याच्या मॅनेजरने दिलं होतं, त्याच खोकणाऱ्याने. दुसरं डोनलचं, ते आता गेलं.

“एक सांगायचं राहिलंय,” पद्मजा म्हणाली, आणि त्या दुपारी पहिल्यांदाच थांबली. “प्रकाशलाही माहीत नाही. जुलैत मी टोप्या तपासत होते ना, तेव्हा जहाल डबीच्या पाचव्या टोपीला खूण वर आली होती. मला वाटलं, नखाचा रंग सरकला असेल. मी उडवली.”

“अगं बाई! मग?”

“मग काही नाही. नशीब. नळी नंतर तपासून घेतली, ठीक होती. घरी येऊन कार्ड पुन्हा वाचलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘खूण वर’. लिहिलं होतं आणि तरी उडवली होती.”

वारा खाडीवरून सरळ तोंडावर येत होता. शोभनाने पदरासारखी शाल डोक्यावरून घेतली. या बाईला ती ओळखत होती. हिच्या तोंडून अशी कबुली निघणं म्हणजे दगडाला पाझर फुटणं.

“हे गार्डांना कळलं तर परवाना देतील का गं तुला?”

“न देवोत! पण खोट्या कागदावर मिळालेली बंदूक मी हातात धरणार नाही. डोनलला म्हणून तर नाही म्हणाले. त्याला माझी चूक हवीच होती ना? आहे की माझ्याकडे. खरी आहे, जुलैतली आहे. सप्टेंबरातली खोटी मी कशाला घेऊ?”

शोभनाला हसू आलं. पुढे काय येणार ते तिला कळलं होतं. मोरेश्वरचा चेहरा डोळ्यांपुढे आला, तव्यावरची पोळी आली, आणि तिने मनातल्या मनात रामाचं नाव घेतलं.

“दुसरं नाव मला तुमचं हवंय, ताई. नाही म्हणालात तरी राग नाही, उद्या पुन्हा फिरायला येईनच. पण हो म्हणणार असाल तर नुसतं नाव देऊ नका, सोबत पत्र लिहा. मराठीत लिहा, मी इंग्रजी करून घेईन, एका शब्दाला हात न लावता. मी चांगली बाई आहे, सणावाराला श्रीखंड पाठवते, असलं काही नको. सप्टेंबरात तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलंत ते लिहा. मी हट्टी आहे हे लिहा. आणि जुलैत मी काय केलं, तेही लिहा. गाळू नका.”