न विचारता वाढायचा आवाज

मनोहरभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिरुपूरला, बनियनच्या कारखान्यात होतो. यंत्रांच्या गोंगाटात वहिनी काय सांगतात ते कळेना. बाहेर येऊन पुन्हा फोन लावला, तोवर गावी, एकोडीत मातीची तयारीसुद्धा झाली होती... एवढ्या लांबून मी पोहोचणार तरी कधी?

नववीत शाळा सोडली तेव्हा मला कोणी विचारत नव्हतं. गावातल्या मनोहरभाऊंनी मला आपल्या खोलीत कम्प्युटरसमोर बसवलं. कायले, ते आजही कळत नाही. जुन्या कम्प्युटरवर चालेल असा मराठी लिहिण्या-वाचण्याचा प्रोग्राम ते आणि वहिनी बनवायचे आणि शाळांना फुकट द्यायचे. प्रोग्राम टाकला की सोबत आपोआप काय काय उतरावं, यावर त्या खोलीत रोज वाद. कळफलक हवाच, फॉन्ट हवेत, पण शब्दकोश? खेड्यातलं नेट, ओझं वाढलं की अर्ध्यातच अडकायचं. भाऊ म्हणायचे, "पाहुण्याले वरण-भात न विचारता वाढावा, ठेचा विचारून वाढावा. भात कोणता आन् ठेचा कोणता, एवढंच आपल्याले ठरवाचं आहे."

मग मजकूर वाचून दाखवणारा आवाज लागणार होता. समोर मीच होतो. महिनोन्‌महिने वाक्यं वाचली, 'मले', 'तुले', जसं बोलतो तसंच. भाऊ ती टेप करून घेत, म्हणजे त्यांवरून कम्प्युटर कोणताही मजकूर माझ्या आवाजात वाचणार होता. अडखळलो की भाऊ म्हणत, "थांब गा सुखदेव, पाणी पी. कम्प्युटर पळून नाही जाऊन राहिला." वहिनी हसायच्या, "त्याले घाई आहे जी, जिल्हाभर बोलाचं आहे त्याले!" आवाज तयार झाला तेव्हा भाऊंनी निकाल दिला : "हा भात. न विचारता."

शाळा सोडलेल्या पोराचा आवाज शाळाशाळांतून बोलणार... हे उपकार कसे फेडायचे? तिरुपूरला आल्यावर दर फोनला भीत भीत विचारायचो, "आवाज चालते ना जी?" ते म्हणत, "घरोघरी बोलून राहिला तू." इथे खोलीत सोबत राहणाऱ्या पोरांना मी तेच ऐटीत सांगायचो.

ते गेल्यावर जुना लॅपटॉप विकत घेतला, भाऊंचं काहीतरी जवळ असावं म्हणून. पोरांना जमवून त्यात भाऊंचा प्रोग्राम टाकला. लॅपटॉप बोलू लागला... एका बाईचा आवाज, स्वच्छ, पुस्तकी. "ये तू है क्या?" एकानं विचारलं आणि खोली हसली.

वहिनींना फोन केला. माहा आवाज कुठं गेला, विचारलं. "शाळांतून तक्रारी येत, बाबू. गावठी बोलते म्हणे, पोरं हसतात. मंग यायनंच, तुह्या भाऊनं, दुसरा आवाज टाकला. तुहा आता मागून घ्या लागते."

"कवापासून?"

"तू तिकडं गेला तवापासून. तुले सांगू नको म्हणाले... आपल्या कम्प्युटरवर मात्र तुहाच ठेवला. सकाळचा पेपर त्याच्याकडूनच ऐकत."

हेच जास्त लागलं. स्वतःच्या पानात घेतला, लोकांच्या पानात वाढायला लाजले! लाजच वाटत होती तर तसं बोलायचं होतं. मी रडलो असतो, भांडलो असतो, कदाचित ऐकलंही असतं. पण त्यांनी मला भांडण्याच्या लायकीचं धरलं नाही. गोड बोलून गप्प ठेवलं... आणि आता भांडायला माणूसच नाही.

प्रोग्रामचं पुढचं पॅकेज आता वहिनीच काढणार आहेत. "कोणता आवाज टाकू?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "माहाच टाका. ज्याले नको, तो काढन." बोलून गेलो, आणि मग मनात आलं. शाळांनी प्रोग्रामच नाकारला तर? भाऊंनाही हीच भीती वाटली असेल. पण मग ती मला सांगायची होती.

परवा सकाळी वहिनींनी फोन कम्प्युटरजवळ धरला. भाऊंची वेळ झाली की त्या अजून पेपर लावतात. त्या रिकाम्या खुर्चीसमोर मी बातम्या वाचत होतो, कुठेही न अडखळता.

"बंद करू काय?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या," मी म्हटलं. "ऐकू द्या त्यायले. पुरं ऐकू द्या."