कुंकवाची पुडी

करोनाच्या पहिल्या वर्षी आमची ही गेली. करोनाने नाही, हृदयाने. दोन दिवस वसईला दवाखान्यात होती आणि मी इथे चंदनसारला, मुलाच्या फ्लॅटमध्ये. बिल्डिंगवाल्यांनी गेटवर कागद चिकटवला होता: पासष्टच्या वरच्यांनी बाहेर पडू नये. आम्हा म्हाताऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. जीव आमचा, ठराव त्यांचा. मी चौथी शिकलेला. कागदावर आहे म्हणजे खरं, एवढंच मला माहीत.

नवरा असताना बायको गेली तर तिला हिरवं लुगडं नेसवतात आणि नवरा तिचा मळवट भरतो, कपाळभर कुंकू. हिला त्याची भारी हौस. वाडीत सोनचाफा खुडताना म्हणायची, "मी आधी जाणार. हात आखडू नका तेव्हा, सगळं कपाळ भरा."

मी म्हणायचो, "आधी टोपली भर. बाजार उठेल."

ती गेल्याचा फोन आला तसा मी सदरा घातला. मुलगा म्हणाला, "बाबा, स्मशानात पासष्टच्या वरच्याला घेत नाहीत. पोलीस उभे आहेत."

मी कुंकवाची पुडी त्याच्या हातात दिली. म्हटलं, "माझ्या नावाने भर." सदरा संध्याकाळपर्यंत अंगावरच राहिला.

दिवाळीला व्याही आले, सुनेचे वडील. माझ्याहून तीन वर्षांनी मोठे. लाडू खाताखाता म्हणाले, "विहीणबाई झोपल्यासारख्या दिसत होत्या हो."

"तुम्ही कुठे बघितलंत?"

"स्मशानात. खांदा दिला ना मी."

"वय नाही विचारलं कुणी?"

"कोण विचारतंय!"

सून ताट उचलून आत गेली. मी मुलाकडे बघितलं.

"तुम्हाला काही झालं असतं तर, बाबा? आईपाठोपाठ तुम्ही..."

"मग सासरा कसा चालला?"

"ते ऐकणाऱ्यातले नाहीत."

म्हणजे मी ऐकणाऱ्यातला, ही माझी चूक.

"आणि कुंकू?"

"गडबडीत राहिलं."

पन्नास वर्षं नांदली माझ्याबरोबर. मागितलं ते एवढंच, आणि तेही न मिळता कोऱ्या कपाळाने गेली. सरकारने अडवलं असतं तर सरकारला शिव्या घातल्या असत्या. पोटच्या पोराला काय घालू? त्याचं प्रेम असेल, नाही म्हणत नाही. पण खोटं बोलून केलेलं प्रेम मला नको होतं.

आताही तो म्हणतो, "बाबा, एकटे जिना उतरू नका."

मी चपला घालतो आणि उतरतो.